पलतड

रायबंदरच्या धक्क्यावर फेरी लागायला अवकाश आहे.
मांडीवर लॅपटॉप उघडून मी पुन्हा तीच ओळ वाचते:
ॲन एरर ऑकर्ड व्हाइल प्रोसेसिंग धिस डिरेक्टिव्ह.
चौकोनी कंसात, कारकुनाच्या कोरडेपणानं.
काय चुकलं, कुठं, काही नाही.
दाराला कुलूप आणि शेजारी गप्प, तसं.

साइट एस्कोलास्टिकाबाईंच्या पाहुणेघराची, पलीकडे दिवाडीला.
पहिलं पान नीट उघडतं: माथा, मजकूर, पायथा.
खोल्यांच्या फोल्डरात एक पायरी उतरलं
की पायथा गायब
आणि त्याच्या जागी ही ओळ, सत्तावीस पानांवर.

माझ्या घरच्या मशीनवर सगळं चालत होतं.
हे मी होस्टिंगवाल्यांना तीनदा लिहिलं.
आमच्याकडे काही अडचण दिसत नाही,
हे त्यांनी मला तीनदा कळवलं.

फेरीवर सगुण नायक भेटला, स्कूटर टेकवून उभा.
दिवाडीचा जुना पोस्टमन. आता नातवाला शाळेत सोडतो.
विचारलं म्हणून सांगितलं:
पायथ्याची फाइल वरच्या फोल्डरात आहे, काका.
मी दोन टिंबं देते आणि एक तिरपी रेघ,
म्हणजे, इथून एक पायरी वर चढ.
घरी चढू देत होता. इथला सर्व्हर चढू देत नाही.

मांडवीकडे बघत तो म्हणाला,
‘पलतड म्हळ्यार खंय गो?
हांगासून दिवाडी पलतड. थंयसून रायबंदर पलतड.’
आणि थोड्या वेळानं, इंजिनाच्या आवाजावरून,
‘शेजारणीन शेजारणीक कागद बरयलो
तरी तो आदीं पोस्टांत वता.’

फेरीचा फाळका आपटून खाली पडला.
मी टिंबं खोडली.
‘फाइल’ शब्द काढून ‘व्हर्च्युअल’ घातला,
आणि पत्त्याच्या सुरुवातीला नुसती एक तिरपी रेघ:
कुणीही कुठूनही हाक मारो,
मुळापासून मोजत ये.

तरी तीच ओळ.

बाईंच्या बाल्कांवावर दुपार गेली.
त्यांनी सोलकढी आणून ठेवली, ती तशीच राहिली.
परवानग्या बघितल्या. शेवटाची अक्षरं बघितली.
एकेक अक्षर बोटानं दाबत वाचलं, पहिलीतल्या पोरासारखं,
तेव्हा सापडलं:
फोल्डरचं नाव मी थोरल्या अक्षरानं सुरू केलेलं,
हाक मारताना धाकट्या.
माझ्या घरच्या मशीनला दोन्ही एकच.
मलाही. बाराखडीत वाढलेल्या डोळ्याला
‘क’ थोरला कुठला नि धाकटा कुठला?
हा सर्व्हर मात्र बामणाच्या सोवळ्यासारखा,
शिवलं की बाटलं.

एक अक्षर बदललं. पान पुन्हा मागवलं.

पायथा आला.
पत्ता आला, शेवटच्या फेरीची वेळ आली,
आणि त्याखाली, मीच दोन वर्षांपूर्वी टाइप केलेलं,
संपर्क: जुझे इनासियो, सकाळी सात ते रात्री नऊ.

सत्तावीस पानांवर. प्रत्येक खोलीच्या खाली.
गेल्या मार्चमध्ये गेलेला माणूस
सात ते नऊ हजर.

बाई माझ्या खांद्यावरून वाकून बघत होत्या.
चष्मा पुसला. परत घातला.
मी म्हटलं, हे आत्ता काढते,
एकाच फाइलीत आहे, एका जागी पुसलं
की सगळीकडचं जातं.

‘सगळ्याच पानांवयलें?’
होय.
‘एकाच फावटीं?’
होय.

खाली पोईवाल्याची सायकल थांबली, भोंगा वाजला.
त्या दोन पोई घ्यायला जिना उतरल्या,
आणि अर्ध्या जिन्यावरून, माझ्याकडे न बघता, म्हणाल्या,
‘फाल्यां पूस.’